गांजा, अल्पवयीन मुले आणि खिशातला आरसा

कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या एका खटल्याचा निकाल दिला, त्यातील मुलाचे नाव, तो अल्पवयीन असल्यामुळे, दप्तरात ‘रिकार्डो पी.’ एवढेच नोंदलेले आहे. घरफोडीच्या दोन आरोपांची त्याने कबुली दिली होती. परंतु चौकशीच्या ओघात, गांज्यामुळे नीट विचार करता येत नाही म्हणून अटकेनंतर आपण तो सोडला, असेही तो बोलून गेला. आणि हल्लीची मुले व्यसनाच्या फुशारक्या इंटरनेटवर मारतात या समजुतीने बालन्यायालयाने अशी तजवीज केली, की परिविक्षेच्या मुदतीत त्याचा फोन, त्यातील यच्चयावत मजकुरासह, वाटेल तेव्हा वॉरंटाशिवाय तपासला जावा. घरफोडीत त्या फोनचा काही वापर झाला होता असे कोठेही दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती अट प्रमाणाबाहेरची ठरवून रद्द केली, हे योग्यच झाले. पण आपण सोडले असे सांगणाऱ्या मुलाला त्या सांगण्याचेच फळ म्हणून झडतीची शिक्षा मिळते, हा धडा खालच्या न्यायालयाने तोपर्यंत देऊन ठेवला होता.

हाच फोन आता अशा मुलांच्या हाती औषधासारखा ठेवावा, त्यातील अ‍ॅपच्या साहाय्याने त्यांचे गांजाचे प्रमाण कमी करावे, असे प्रयत्न अमेरिकेत चालले आहेत, आणि त्यांविषयी जे समज प्रचलित आहेत ते बहुतेक या फोनच्या दुहेरी स्वभावातूनच जन्मलेले आहेत.

न्यायालयाशी संबंध आलेला मुलगा म्हणजे गजाआडचा मुलगा, ही कल्पना प्रथम बाजूस सारली पाहिजे. अमेरिकेतील पहिले बालन्यायालय १८९९ साली शिकागोत स्थापन झाले, ते मुळी मुलांना प्रौढ कैद्यांच्या संगतीपासून दूर ठेवून त्यांचे पालनपोषण सुधारावे या हेतूने. आणि आजही अशा मुलांपैकी बहुसंख्य मुले आपल्या घरी राहतात, शाळेत जातात व ठरल्या दिवशी परिविक्षा अधिकाऱ्यासमोर हजर होतात. गांजा ओढण्याचा प्रसंग येतो तो मात्र त्या अधिकाऱ्याच्या कचेरीत नव्हे, तर शाळा सुटल्यावरच्या रिकाम्या दुपारी, मित्राच्या मोटारीत, किंवा घरात भांडण झाल्यावर मागल्या दाराशी. आणि त्या क्षणी समुपदेशक जवळ नसला तरी फोन असतो. या साऱ्या कल्पनेचे मूळ एवढेच आहे.

अ‍ॅप म्हणजे मुलाच्या मागे लावलेला चौकीदार, हा समज मात्र सहजासहजी जाणारा नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. लिडिया श्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण रुग्णांसाठी – हे रुग्ण दवाखान्यात आलेले होते, न्यायालयाने धाडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे – जी पद्धत आखली, तीत समुपदेशकाशी प्रत्यक्ष संभाषण होते आणि त्याच्या जोडीला काही काळ हातातले यंत्र दिवसातून अनेकदा विचारते : आता कोठे आहेस, कोणाबरोबर आहेस, इच्छा किती तीव्र आहे, ओढलास काय? उत्तरानुसार एखादा संदेश येतो. त्यात धाक नाही, उपदेशही नाही. बेतच असा, की कंटाळा आला म्हणजे हात गांज्याकडे जातो, की अमुक एक मित्र भेटला म्हणजे, हे मुलाला स्वतःच्याच नोंदींतून दिसावे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनासंबंधी मांडलेल्या प्रेरणात्मक संभाषणाचे तत्त्वही हेच, की बदलाची कारणे रुग्णाच्या तोंडून बाहेर यावीत, ती बाहेरून त्याच्यावर लादू नयेत.

परंतु हा आरसा खरे प्रतिबिंब दाखवतो तो मुलाने खरे लिहिले तरच, आणि खरे लिहिणे हे लिहिलेले कोणाच्या हाती पडणार यावर अवलंबून असते. येथे एक बारकावा आहे, जो उत्साही मंडळींच्या नजरेतून नेहमी निसटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून जे संशोधन होते, त्यातील सहभागी व्यक्तींची ओळखू येण्याजोगी माहिती उघड करण्यास संशोधकाला न्यायालयही सहसा भाग पाडू शकत नाही. तसे गोपनीयतेचे प्रमाणपत्र २०१७ पासून अशा संशोधनास आपोआप लागू होते. सरकारी साहाय्य घेणाऱ्या व्यसनोपचार केंद्रांच्या दप्तरालाही वेगळे संघीय संरक्षण आहे. बाजारातून कोणीही उतरवून घेतलेल्या अ‍ॅपला मात्र यांपैकी बहुधा कशाचेच छत्र नसते. ‘गुडआरएक्स’ या औषधसवलतीच्या कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुक व गूगल यांना पुरवल्याच्या आरोपावरून संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली व पंधरा लाख डॉलरचा दंड ठरला, हे उदाहरण फार जुने नाही. तेव्हा प्रयोगाच्या कवचाखाली मुलांनी जो प्रामाणिकपणा दाखवला, तोच प्रामाणिकपणा परिविक्षा कार्यालयाच्या हुकमाने बसवलेल्या अ‍ॅपमध्ये दिसेल असे गृहीत धरणे म्हणजे एका मुलखातला पाऊस मोजून दुसऱ्या मुलखात पेरणी करणे होय.

यावर कोणी म्हणेल, मुलाच्या शब्दावर विसंबावेच कशाला, लघवीची तपासणी आहे ना? ही तपासणी ज्या अवशिष्ट द्रव्याचा शोध घेते, ते शरीरातील चरबीत साठून राहते व हळूहळू बाहेर पडते. क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत ते साधारण तीन दिवसांत दिसेनासे होते. पण रोज ओढणाऱ्या मुलाने आज सोडले तरी महिनाभरानेसुद्धा नळीत त्याचा माग सापडू शकतो. दिवसातून चार वेळा ओढणारा मुलगा एकावर आला, ही प्रगती तपासणीला दिसतच नाही; तिला होय किंवा नाही एवढेच ठाऊक. कमी करण्याची धडपड दिसते ती नोंदवहीत, आणि म्हणूनच नोंदवही व तपासणी ही दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गांजा कायदेशीर झाला आहे, मग एवढा बाऊ कशाला, असेही विचारले जाते. कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी २०१२ साली वाट मोकळी केली, ती एकवीस वर्षांवरील प्रौढांसाठी. सोळा वर्षांच्या मुलाला ती कोठेही मोकळी नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी तर आणखी एक गोष्ट विसरू नये : राज्याने मुभा दिली तरी व्हिसाचे कायदे संघराज्याचे आहेत. शिवाय आजचा माल पूर्वीचा नव्हे. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांतील टीएचसी या मादक द्रव्याचे सरासरी प्रमाण १९९५ मधील सुमारे ४ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले. गांज्याची सवय लागतच नाही, हेही खोटे. नित्य ओढणाऱ्याने तो एकाएकी सोडला म्हणजे चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे एकदोन दिवसांत सुरू होतात आणि पहिल्या आठवड्यात सर्वाधिक त्रास देतात. घरच्यांना वाटते, पोरगा सुधारण्याऐवजी बिघडला.

भीती घालून मुले सुधारतात, या श्रद्धेचा निकाल तर केव्हाच लागला आहे. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना दरडावून घेण्याचा उपक्रम १९७८ च्या माहितीपटामुळे देशभर गाजला. पुढे अशा उपक्रमांच्या काटेकोर चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा, त्यांतून गेलेल्या मुलांत गुन्ह्यांचे प्रमाण कमी न होता वाढल्याचेच आढळले.

उलट टोकाचा समज असा, की अ‍ॅप आले, आता माणसाची गरज नाही. व्यसनावरील ‘रीसेट’ या अ‍ॅपला २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. त्यातील उपचाराची मुदत बारा आठवड्यांची, उपयोग बाह्यरुग्ण उपचारांच्या जोडीनेच करण्याचा, आणि वय अठरा व त्यापुढचे. म्हणजे ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत ती त्यातून वगळलेलीच होती. ते अ‍ॅप काढणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मुलांच्या गांजासेवनावरील पाच उपचारपद्धतींची तुलना करणाऱ्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सहाशे मुले होती. पाचही पद्धतींनी फरक पडला, आणि त्यांत अवघ्या पाच बैठकींची पद्धतही इतरांच्या पंक्तीला बसली. त्या बैठकींत समोर माणूस होता. अ‍ॅपने त्याची खुर्ची घ्यावी असे नाही. दोन बैठकींमधले सहा दिवस भरून काढले तरी पुष्कळ झाले.

आणि त्या सहा दिवसांतही पुष्कळ वेळा उत्तर येत नाही. कोणाचे रिचार्ज संपलेले असते, कोणाचा नंबर बदललेला असतो, कोणाचा फोन आईच्या कामाच्या पाळीबरोबर घराबाहेर गेलेला असतो. अहवालाच्या कोष्टकात ही रिकामी चौकट ‘असहकार’ या सदराखाली भरण्यापूर्वी कोणीतरी त्या घरी जाऊन, फोन चालू आहे काय, एवढे विचारून यावे.