मुकुटातला तारा आणि मद्रासचे पॉगसन

२७ मार्च २०२५ हा दिवसही कोरडाच गेला. उत्तर मुकुट या तारकासमूहातला टी कोरोना बोरिअ‍ॅलिस हा तारा आता भडकणार, मग भडकणार, असं आपण २०२४ पासून ऐकत होतो. आधी सप्टेंबर २०२४ पर्यंतचा वायदा होता, मग ही मार्चची तारीख आली, नंतर १० नोव्हेंबर २०२५ सांगितली गेली. या जोडताऱ्याची प्रदक्षिणा सुमारे २२७ दिवसांची, तिच्या पटीत शेवटच्या दोन तारखा बसवल्या होत्या. पण नीट मोजलेले स्फोट दोनच, १८६६ आणि १९४६चे. एवढ्या भांडवलावर मुहूर्त काढण्याचं धाडस मला तरी झालं नसतं. शिवाय नोव्हेंबरात मुकुट संध्याकाळी पश्चिमेला टेकलेला असतो.

मला रस आहे तो प्रत्येक बातमीत असलेल्या एका वाक्यात: तारा दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर येईल. वाचताना वाटतं, आठ पायऱ्या. प्रत्यक्षात ती जवळपास १,६०० पट उडी आहे.

प्रतींची ही उलटी मोजणी प्राचीन ग्रीकांची. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. टॉलेमीच्या ग्रंथामुळे ती पक्की रुजली, पण प्रत्येक निरीक्षकाची चौथी प्रत वेगळी. एकोणिसाव्या शतकात लक्षात आलं की पहिल्या आणि सहाव्या प्रतीत साधारण शंभर पटींचा फरक पडतो. १८५६ मध्ये ऑक्सफर्डला नॉर्मन पॉगसन यांनी सुचवलं की तो बरोबर शंभर पटच माना. मग एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. या आकड्याचा लॉगॅरिथम ०.४ येतो, त्यामुळे आकडेमोड सोपी. जगाने ते स्वीकारलं. म्हणूनच आज व्याध उणे १.४६, अभिजित शून्याच्या आसपास आणि सूर्य उणे २६.७ अशी एकाच पट्टीवरची मापं देता येतात.

पॉगसन यांचं सूत्र मी अनेक पुस्तकांत वाचलं, पण ते १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतली तीस वर्षं आपल्याकडची. २० मे १८६३ रोजी त्यांना मद्रासहून वृश्चिकेत नवव्या प्रतीच्या आसपासचा एक अनोळखी तारा दिसला. तो भराभर मावळत गेला. आज त्याला यू स्कॉर्पिआय म्हणतात आणि तो टी कोरोनाच्याच जातकुळीतला, पुन्हापुन्हा भडकणारा नवतारा निघाला. अलीकडे २०१० आणि २०२२ मध्येही तो भडकला. पॉगसन यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युलाय हा रूपविकारी तारा शोधला. टी कोरोनाच्या बातम्यांना रोज जागा मिळत होती. त्यातला एक परिच्छेद मद्रासला द्यायला हरकत नव्हती.

ताऱ्याची प्रत मोजायची कशी? आजही मुळात तुलनेनंच. आपल्या ताऱ्यापेक्षा किंचित ठळक आणि किंचित फिका असे दोन ज्ञात तारे घ्यायचे आणि आपला त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. रूपविकारी ताऱ्यांच्या नकाशांवर ९.८ ऐवजी नुसतं ९८ छापतात, कारण दशांशचिन्हाचा ठिपका कुणी ताराच समजायचा! सीसीडी कॅमेरा शंभरावा भागही मोजतो, पण त्यालाही तुलनेचे तारे आणि ठरलेले रंगगाळे लागतात. निळ्या गाळ्यातून घेतलेली प्रत आणि हिरवट-पिवळ्या गाळ्यातून घेतलेली प्रत एकच नसते. क्षितिजाजवळची जाड हवा प्रकाश खाते ते वेगळंच.

ओहायोचे शेतकरी-निरीक्षक लेस्ली पेल्टियर यांनी पंचवीस वर्षं टी कोरोनावर नजर ठेवली होती. फेब्रुवारी १९४६ मधल्या एका पहाटे ते गजर लावून उठले, सर्दी होईलसं वाटलं म्हणून परत झोपले, आणि तारा त्याच रात्री भडकला. त्यांनी पुढे त्या ताऱ्याला कधी माफ केलं नाही. मला हे अगदी पटतं.

दिसण्यावरून ताऱ्याची खरी ताकद कळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. मृगातला राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर असूनही त्याची प्रत ०.१ आहे. त्याला व्याधाच्या जागी आणला तर अंतर शंभरपट कमी, प्रकाश दहा हजारपट, म्हणजे दहा प्रती वर: उणे दहाच्या आसपास. शुक्रापेक्षा कितीतरी जास्त! अशी तुलना न्याय्य व्हावी म्हणून सगळे तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर आहेत असं मानून निरपेक्ष प्रत काढतात. त्या हिशेबात आपल्या सूर्याला ४.८ मिळतात.

पावसाळ्याआधी आकाश मोकळं असतं. तेव्हा रात्री साडेनऊला स्वातीच्या खाली पूर्वेकडे मुकुटाचं अर्धवर्तुळ सापडतं. त्यातल्या अल्फेकाची प्रत २.२. तिच्या तोडीचा दुसरा तारा जवळपास दिसला, तर फोटोच्या मागे धावण्याआधी दोघांची डोळ्यांनी तुलना करा, वेळेसह अंदाज लिहून ठेवा. फोन स्वतःच्या मर्जीने उजेड वाढवतो. त्याच फोटोत अल्फेका नसेल तर तो फोटो मोजमापाच्या कामाचा नाही. आणि घाई करा, कारण टी कोरोना भडकला तरी आठवडाभरच नुसत्या डोळ्यांना दिसेल.