मशीनची खिडकी, कुलरची खिडकी

माझी शिलाई मशीन बावीस वर्षांपासून उत्तरेच्या खिडकीखाली आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. सुई ओवताना डोळ्यांवर ऊन येत नाही, काळ्या कापडावर काळी टीप मारतानाही दिसतं. दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या गर्दीत त्या खिडकीच्या चौकटीचं खालचं लाकूड बोटाखाली पापडासारखं दबलं. पेचकस टोचला तर अर्धा आत गेला. वाळवीनं आतलं सगळं खाल्लं होतं, वरचा ऑइलपेंट तेवढा शाबूत.

घर मालेगावचं. म्हणजे नाशिकचं नव्हे, वाशीमचं. कापडाच्या धंद्यात असल्यामुळे हा खुलासा मला जन्मभर करावा लागणार. अकोला-वाशीम रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेलं. सागवानी चौकटी, लोखंडी गज, आत उघडणाऱ्या झडपा. ज्यानं त्यानं एकच सांगितलं, "सगळ्या काढा अन् स्लायडिंग टाका, ताई."

पण स्लायडिंगनं मी एकदा पोळले होते. आधी एकदा मागच्या कोठीच्या खोलीची खिडकी बदलली होती. माप घ्यायला आलेल्या मुलानं टेप मधोमध एकदा आडवा धरला, एकदा उभा, आणि निघून गेला. जुन्या भिंतीचा गाळा कधी काटकोनात नसतो. खिडकी आली ती एका कोपऱ्यात पाऊण इंच कमी. फट सिमेंटनं लिंपली, वरून सिलिकॉन ओढलं. जुलैत पश्चिमेचा पाऊस लागला तेव्हा गव्हाच्या कोठीखाली पाणी. ब्लाउजचं माप जुन्या ब्लाउजवरून घेतलं की काय होतं हे मला पक्कं ठाऊक, पण खिडकीच्या वेळी डोकं चाललं नाही.

या वेळी मिस्त्रीला बोलावून माप नीट घेतलं. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले नाहीत तर गाळा तिरपा. खिडकी सगळ्यांत कमी मापाला धरून करायची आणि चारही बाजूंना थोडी जागा सोडायची. मी माझा कापडी टेप काढला तर मिस्त्री हसला. "वयनी, हा वढला का वाढते." खरंच, बावीस वर्षं वापरलेला टेप लोखंडी टेपाशेजारी धरला तर पाच फुटांत अर्धा इंच लांबलेला. त्या अर्ध्या इंचाच्या किती चोळ्या शिवल्या असतील कोण जाणे.

माहिती काढायला दुकानात जायच्या आधी मी गिऱ्हाइकांना विचारलं. माझ्याकडे गावभरच्या बाया येतात, आणि नव्या खिडकीचं कौतुक सगळ्याच करतात. म्हणून विचारलं ते फक्त जिच्या खिडकीनं दोन पावसाळे पाहिलेत तिलाच. घरी जाऊन खिडकी सरकवून पाहिली. एकीची चाकं अडकली होती, कारण ऑक्टोबरात शेजारच्या खळ्यातलं सोयाबीनचं कुटार उडून ट्रॅकमध्ये बसलं होतं. दुसरीकडे मच्छरजाळीची कड सुटली होती. तिसरीचं हँडल तुटलं आणि तसं हँडल आता मिळतच नाही. यानंतर मी प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला: चाक, जाळी, कुलूप सुटं मिळेल का आणि बसवायला कोण येईल? दोन दुकानदारांनी विषय बदलला.

मग घरी येऊन प्रत्येक खिडकी काय काम करते ते लिहून काढलं. हॉलची खिडकी कुलरची. आपल्या वऱ्हाडात मार्च सरला की कुलर खिडकीबाहेर स्टँडवर चढतो आणि जूनपर्यंत उतरत नाही. कुलर बाहेरची हवा ओल्या पॅडमधून ओढून घरात ढकलतो. ती दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली नाही तर घरात नुसती ओल साचते, घाम वाळत नाही आणि लोक कुलरला शिव्या देतात. म्हणजे कुलरच्या खिडकीइतकीच समोरची उघडी खिडकी महत्त्वाची.

इथंच स्लायडिंगचा हिशेब चुकतो. दोन पल्ल्यांची स्लायडिंग कशीही सरकवा, अर्धीच उघडते. बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते. अमरावतीला सिव्हिल शिकणाऱ्या भाचीनं सांगितलं की केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली, तीत हाच हिशेब आहे. काचेचं क्षेत्रफळ धरायचं नाही, उघडणारा भाग धरायचा. कोरड्या-उष्ण भागात तो घराच्या चटईक्षेत्राच्या निदान १० टक्के असावा, मिश्र हवामानात साडेबारा टक्के. हा नियम मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आणि अख्खं घर धरून आहे, आमच्यासारख्यांना कोणी विचारणार नाही. पण मी माझ्या खोलीला लावून पाहिला. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. आमचा भाग कोरडा-उष्ण धरला तर १० टक्के झाले १२. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६. स्लायडिंग टाकली तर उघडणार ८. झडपा ठेवल्या तर साडेचौदाच्या आसपास. सासऱ्यांनी कुठली संहिता वाचली होती? पण त्यांची खिडकी पास झाली आणि नवी नापास.

पश्चिमेची खिडकी झोपायच्या खोलीची. मालेगाव २० अंश अक्षांशाच्या जरा वर. मेच्या २० तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या उन्हाला छज्जा अडवतो. चार वाजताचं ऊन मात्र तिरपं असतं, छज्ज्याखालून आत येऊन पलंगावर बसतं. दुकानदार यावर दुहेरी काच सुचवत होता: दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा. एसीच्या बंद खोलीला ती चांगलीच, रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजही कमी करते. पण रात्री खिडकी उघडी टाकून झोपणाऱ्यानं तिच्यावर पैसे घालवू नयेत. पडदाही आत लावून भागत नाही. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि खोलीलाच शेकतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. मी बाहेरून बांबूची तट्टी लावली आणि दुहेरी काचेचा विषय संपवला.

आता सामान. माझ्याकडे सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक आहे. तो पर्समध्ये टाकून मी अकोल्याच्या दुकानांत फिरले. यूपीव्हीसीची चौकट म्हणजे आतून कप्प्याकप्प्यांचं पोकळ प्लॅस्टिक. तिला ताठपणा येतो तो आत घातलेल्या जस्ताच्या मुलाम्याच्या पोलादी पट्टीनं. ती दिसत नाही. चुंबक बाहेरून फिरवला की ओढ लागते. एका नमुन्यावर उभ्या बाजूला ओढ लागली, आडव्याला नाही. दुकानदार म्हणाला, "लहान खिडकीले लागत नाई." असेल, पण माझी खिडकी लहान नव्हती. दुसरं, कोपरे. यूपीव्हीसीचे कोपरे उष्णतेनं सांधलेले असतात, तिथं नख फिरवलं तर फट लागू नये.

अॅल्युमिनियमला वाळवी नाही, गंज नाही, आणि गावातला कोणीही कारागीर दुरुस्त करतो. ते तापतं हे खरं. अॅल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या साधारण हजार पट सहज वाहते. पण यूपीव्हीसीवाले हा आकडा सांगून घाबरवतात तेव्हा लक्षात ठेवा, चौकट खिडकीचा छोटा भाग; ऊन येतं ते मुख्यतः काचेतून. अॅल्युमिनियममध्ये पाहायचं ते सेक्शनची जाडी आणि वजन. हातात घेतल्यावर पत्र्याच्या डब्यासारखं वाटलं तर खाली ठेवावं.

आणि सागवान? पाचपैकी तीन चौकटींत पेचकस घुसलाच नाही. भंगारवाला सगळ्या चौकटी जळणाच्या भावात मागत होता. याच विदर्भातलं सागवान बल्लारपूरहून २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं आणि आम्ही ते चुलीत घालायला निघालो होतो! त्या तीन चौकटी ठेवल्या. हॉलला नव्या झडपा आत उघडणाऱ्याच केल्या. झडप बाहेर उघडली तर कुलरवर आपटते, शिवाय गजांतून हात घालावा लागतो.

काचेसाठी मात्र मी सर्वांत जास्त वेळ घेतला, कारण तिच्यावर माझं पोट आहे. दुकानदारानं तपकिरी काच दाखवली. "ऊन कमी येते, बाहेरून दिसतबी नाई." मी पिशवीतून शेवाळी साडीचा तुकडा आणि चार रिळं काढली, काच वर धरायला सांगितली आणि तिच्यातून आलेल्या उजेडात दोरा जुळवला. जो जुळला तो घेऊन दुकानाबाहेर आले. उघड्यावर तो दोरा मेंदीच्या रंगाचा निघाला. अशा काचेमागे बसून मी लग्नाच्या साड्यांचे फॉल लावले असते तर गिऱ्हाइकांनी तोंडावर मारले असते. मशीनला साधी पांढरी काच, ५ मिलिमीटरची. झडप मशीनवर आपटते म्हणून तिथं स्लायडिंग केली. हवा कमी मिळाली, ते मान्य. न्हाणीघराला टफन्ड काच घेतली. ती फुटली तर सुरी होत नाही, दाणे होतात. पण ती एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं हवं. कोपऱ्यावरचा शिक्का पाहून घ्या.

भाव सगळे चौरस फुटाचे सांगतात. त्यात जाळी, कुलूप, जुनी चौकट काढणं, गाडीभाडं, फटीचं प्लॅस्टर, जीएसटी धरलाय का हे कागदावर लिहून घेतलं, तेव्हा सर्वांत स्वस्त वाटलेला भाव तिसऱ्या नंबरवर गेला. पैसे तीन टप्प्यांत ठरवले, शेवटचा टप्पा पाण्याच्या परीक्षेनंतर.

परीक्षा मीच घेतली. एप्रिलच्या उन्हात मुलगा बाहेरून पाइपनं प्रत्येक खिडकीवर पाणी मारत होता, मी आत कोरडं पांढरं मांजरपाट धरून बसले. मशीनची खिडकी पास. झडपांच्या तिन्ही पास. न्हाणीघराच्या अॅल्युमिनियमच्या खिडकीत ट्रॅक भरला आणि पाणी आत उतरलं. कारागीर वाकून पाहत राहिला. ट्रॅकमधून पाणी बाहेर जायची छिद्रं रंगाऱ्यानं पुट्टीनं बुजवली होती. त्यानं ड्रिल लावून ती मोकळी केली, मुलानं पुन्हा पाइप धरला, पाणी बाहेरच्या बाजूनं दोन धारांनी पडायला लागलं. मी उठून कपाटातून उरलेले पैसे आणून दिले.