कांद्याचा गोंडा : आपल्या शिवारातला वसंताचा पाठ



वसंतात फुलणारी कंदफुलं म्हटलं की चित्रांच्या पुस्तकात ट्युलिप दिसतं. मुलं विचारतात, "सर, हे आपल्या शाळेत लावता येईल का?" खरं उत्तर असं, की बुलढाण्याच्या हवेत ते अवघड आहे. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण तीन महिने दहा अंशांखालची थंडी लागते. म्हणून आपल्या देशात त्याची मोठी बाग श्रीनगरला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे. ती २००७ साली सुरू झाली आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलते.

पण उंच दांड्यावर वसंतात फुलणारा एक कंद आपल्याकडेही आहे, आणि तो प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. तो म्हणजे कांदा! देऊळगाव राजा, सिंदखेडराजा, चिखली, मेहकर, लोणार या भागात कांद्याचं बीजोत्पादन घेतात. फेब्रुवारीत तिथल्या शेतात अडीच-तीन फूट उंच दांड्यांवर पांढरे गोल गोंडे डोलताना दिसतात. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं याच शेतांतून शाळेत येतात. मग धडा तिथूनच सुरू करू या.

कांद्याला फूल का येतं?

कांदा उभा चिरून मुलांना दाखवा. खालची चपटी चकती म्हणजे खोड. त्यावरचे जाड पापुद्रे म्हणजे अन्न साठवलेली पानं. मधोमध कोंब. कांदा ही दोन हंगामांची वनस्पती आहे. पहिल्या हंगामात बियापासून कांदा होतो, दुसऱ्या हंगामात त्याच कांद्यातून फूल आणि बी. साठवलेलं अन्न कांदा या दुसऱ्या हंगामासाठीच राखून ठेवतो. आपण मात्र ते मधेच भाजीत टाकतो!

फुलायची वेळ झाली हे कांद्याला थंडी सांगते. साधारण दहा ते पंधरा अंशांची थंडी काही आठवडे मिळाली की आतल्या कोंबात पानांऐवजी फुलाचा दांडा तयार होऊ लागतो. ट्युलिपइतकी कडक थंडी त्याला लागत नाही. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला पुरतात.

इथे मुलांना एक गंमत विचारा. खायच्या कांद्याच्या शेतात असा दांडा आला, की शेतकरी "डेंगळे आले" म्हणून कपाळाला हात लावतो. कारण कांद्यातलं अन्न फुलाकडे जातं आणि कांदा पोसत नाही. शेजारच्या बियाण्याच्या शेतात मात्र त्याच दांड्याची वाट पाहतात. असं का? उत्तर मुलांनाच शोधू द्या.

शाळेत किंवा घरी कसा लावाल?

१. दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निरोगी, घट्ट, मध्यम आकाराचे ८-१० कांदे निवडा.

२. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून कांदा सडतो. म्हणून वाफा उंच करा, शेणखत मिसळा. कुंडी असेल तर बारा इंची घ्या आणि मातीत थोडी वाळू घाला.

३. दोन कांद्यांत वीतभर अंतर ठेवा. कांदा मातीने झाकला जाईल इतपतच खोल लावा.

४. आठ-दहा दिवसांनी पाणी द्या. कुंडी लवकर सुकते, तिला बोट लावून ओल बघा.

५. दांडे आतून पोकळ असतात, वाऱ्याने लवतात. शेजारी तुराट्या किंवा पऱ्हाट्या रोवून सैल बांधा.

दोन कांदे राखून ठेवा आणि फेब्रुवारीअखेर लावा. थंडी संपल्यावर लावलेल्या कांद्याला फूल येतं का, याची नोंद मुलांना ठेवू द्या.

मधमाशीशिवाय बी नाही

एका गोंड्यात शेकडो छोटी फुलं असतात आणि ती दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्याने उमलतात. प्रत्येक फुलात सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर. भिंगातून पाहिलं तर लक्षात येतं, की फुलातले पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एका फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामी येत नाहीत. ते दुसऱ्या फुलापर्यंत कुणीतरी न्यावे लागतात, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एक गोंडा उमलण्याआधीच तलम कापडाच्या पिशवीने झाका, दुसरा उघडा ठेवा. मार्चअखेर दोन्हींतलं बी मोजा. माशी न आलेल्या गोंड्यात बी फारच कमी भरलेलं दिसेल.

हा प्रयोग वहीपुरता नाही. बियाण्याच्या शेतात कांदा फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारलं, तर फुलकिड्यांबरोबर मधमाश्याही मरतात. गोंडे दिसायला भरगच्च राहतात, पण आत बी नसतं. वर्षाची मेहनत अशी हातातून जाते. म्हणून फवारणी फुलं उमलण्याआधी उरकावी. अगदीच गरज पडली तर जाणकारांचा सल्ला घेऊन, माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी. घरी जाऊन ही गोष्ट सांगणारं मूल तुमच्या वर्गातच बसलेलं असतं.

बी काढताना

गोंड्यातली काही बोंडं उकलून काळं बी दिसू लागलं की थोडा दांडा ठेवून गोंडा कापा. सावलीत वाळवा, हाताने चोळा, सुपाने पाखडा. एका ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० बिया असतात. मग गणित करा : एकराला तीन-चार किलो बी लागतं, म्हणजे किती बिया झाल्या? कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही, वर्षभरातच त्याची उगवण घटते. म्हणून येत्या हंगामातच ते पेरा.

फेब्रुवारीत जवळच्या एखाद्या बियाण्याच्या शेतावर, मालकाला विचारून, मुलांना जरूर न्या. सकाळी ऊन तापल्यावर जा, तेव्हा माश्या कामाला लागलेल्या असतात. बांधावर पाच मिनिटं शांत उभं राहून एका गोंड्यावर किती माश्या येतात ते मोजायला सांगा. आणि यंदा दिवाळीच्या बाजारातून कांदे आणाल, तेव्हा त्यातले दहा बाजूला काढायला विसरू नका.