टिळकांचे घर नकाशात कुठे?

लोकमान्यांवर बोलता बोलता मी त्यांच्या १९०३ सालच्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाकडे वळलो. आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाभोवती होते, हे सांगताना आवाज अंमळ चढलाच असावा. तोच मेहकरकडची एक विद्यार्थिनी उठली. “सर, पण तिथे तर समुद्र आहे. घर बांधले कशावर?”

वर्ग हसला. मीही हसलो; पण उत्तर सुचेना म्हणून हसलो, हे पोरांनी ओळखलेच.

त्या रात्री जुने नकाशे काढून बसलो. १५६९ साली मर्केटरने जगाचा प्रसिद्ध नकाशा केला. त्याच्या रीतीत उत्तरेकडचे प्रदेश असे ताणले जातात की, आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्शाएवढे ग्रीनलंड तिच्या तोडीचे दिसते, आणि खुद्द ध्रुव तर कागदावर मावतच नाही. म्हणून त्याने कोपऱ्यात निराळे वर्तुळ काढले. मधोमध काळाकभिन्न खडक, भोवती चार बेटे, त्यांमधून आत धावणारे चार प्रवाह. एका बेटावर फार तर चार फूट उंचीची माणसे राहतात, अशी टीपही! तिथे कोणी गेलेले नव्हते. कुणा प्रवाशाच्या ऐकीव हकिकतीवर सारा संसार. मला आपला पुराणांतला मेरू आठवला. तिथेही मध्ये पर्वत आणि चार दिशांना चार प्रवाह. फक्त आपले बाहेर वाहतात, त्याचे आत.

टिळकांचे तसे नव्हते. १८९८ साली येरवड्याच्या तुरुंगात रात्री काही तास दिव्याची परवानगी मिळाली, त्या उजेडात ते ऋग्वेद वाचत होते. दिवसेंदिवस रेंगाळणारी उषा, संपता न संपणारी रात्र. असे आकाश ध्रुवाकडेच दिसते, हा त्यांचा तर्क. शेवटच्या हिमयुगापूर्वी तिथली हवा सौम्य होती, असे त्यांनी मानले. आज विद्वान हे स्वीकारत नाहीत. पण मर्केटरने ऐकीव माहितीवर बेटे काढली. टिळकांनी निदान पुरावे मांडून वाद घातला. एवढा पक्षपात माझ्याकडून होणारच.

नान्सेनने १८९३ ते १८९६ या काळात आपले ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि त्याबरोबर वाहवत नेले. दोर सोडून पाहिले, तर खाली तीन हजार मीटरांहून अधिक पाणी! पुढे १९२६ साली अमुंडसेन आणि सोबती ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून ध्रुवावरून गेले, तेव्हा खाली दिसला तो नुसता बर्फ. टिळक १९२० सालीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केले, “बाई, तुझे बरोबर. नेमक्या ध्रुवावर घर नाहीच. टिळकांचे म्हणणे भोवतालच्या प्रदेशाबद्दल होते, आणि तेही आता टिकत नाही.”

ती खाली बसेना. “मग दक्षिणेला, सर?”

तिथे मात्र बर्फाखाली जमीन आहे. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून पहिली भारतीय मोहीम तिकडे निघाली, १९८९ पासून आपले ‘मैत्री’ केंद्र तिथे आहे, हे सांगितले. भिंतीवरच्या नकाशात तळाशी नुसती पांढरी पट्टी होती. ‘मैत्री’ कुठे, ते मला दाखवता येईना. तिनेच येऊन बोट ठेवले.