विद्यापीठास लागलेला डाग व पदवीधराचे दायित्व

ज्या विद्यापीठाने आपणांस पदवी दिली त्याच विद्यापीठात काही गैरप्रकार उघडकीस आला, तर तेथून बाहेर पडून वीस वर्षे लोटलेल्या पदवीधराचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळ सुज्ञ मनुष्येही विचारतात. प्रश्न गैर नाही. ज्याने अपराध केला नाही त्यास अपराधी ठरविणे हा अन्यायच होय. परंतु दोष वेगळा आणि दायित्व वेगळे. हा भेद ध्यानात यावा म्हणून आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक घरांस ज्याची झळ लागली, असेच एक उदाहरण घेऊ.

आपल्या भागातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठास संलग्न आहेत. २०१७ साली त्या विद्यापीठाने उत्तरपत्रिका हाती घेऊन तपासण्याची जुनी रीत एकदम सोडली, आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या प्रतिमा पाहून गुण देण्याची नवी पद्धत एकाच हंगामात लागू केली. उत्तरपत्रिकांची संख्या सतरा लाखांच्या घरात होती. नवी पद्धत स्वतः वाईट नव्हे. पुरेशा तयारीवाचून केलेली घाई वाईट. कुलपती ह्या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव ह्यांनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावावेत असे बजाविले. तरीही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात, तर काहींचे निकाल पुनर्मूल्यांकनात बदलले. अखेरीस २४ ऑक्टोबर रोजी कुलगुरूंस पदच्युत करण्यात आले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असा प्रसंग प्रथमच आला.

आता आटगावच्या स्थानकावर पहाटेची गाडी धरून सांताक्रूझला उतरणारा, आणि तेथून कलिन्याच्या परीक्षाभवनापर्यंत जाणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. मुरबाडकरास तर आधी एस. टी.ने कल्याण गाठावे लागते. एक खेप म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी. निकाल हाती नाही म्हणून पुढील प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून वर्ष वाया, अशी भीती त्या पावसाळ्यात कित्येक घरांत होती.

अशा वेळी जुने पदवीधर बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी म्हणतो, बोलू नका, आपल्याच पदवीची किंमत उतरेल. दुसरा म्हणतो, आमच्या वेळी असे नव्हते. पहिल्याचा भित्रेपणा एक वेळ समजून घेता येईल. दुसऱ्याचे बोलणे तर खरेही नाही. १९८५ साली ह्याच विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले, आणि न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६च्या मार्चमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर ह्यांनी राजीनामा दिला. ते प्रकरण न्यायालयात नेले कोणी? त्याच परीक्षेस बसलेल्या एका डॉक्टराने.

पदवीधराचे दायित्व कोणते, ह्याचे उत्तर मला ह्याच विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात सापडते. १८५७ साली ते स्थापन झाले, व १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. पदवी घेऊन ते दूर गेले नाहीत. रानडे ह्यांनी विद्यापीठाच्या सेनेटात बसून देशी भाषांस अभ्यासक्रमात स्थान मिळावे म्हणून दीर्घ खटपट केली. भांडारकर पुढे कुलगुरू झाले. त्यांच्याही आधी, १८९२ साली, ह्याच विद्यापीठाचे पदवीधर काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले हिंदी कुलगुरू झाले होते. (आपल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले तेही त्याच वर्षी!) विद्यापीठ म्हणजे पदवीपत्र देणारी कचेरी नव्हे, तर आपण ज्याचे घटक आहोत असा समाज होय, अशी त्या मंडळींची धारणा होती.

तो अधिकार आजही कायद्याने पदवीधरास आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात. त्यांपैकी एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबांतील जी मुले आज आपल्या वर्गांत बसतात, त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. विद्यापीठाचे अंदाजपत्रक व वार्षिक अहवाल ह्या सभेपुढे येतात, आणि सभासदांस अधिकाऱ्यांना उघडपणे प्रश्न विचारता येतात.

२०१७ साली हे प्रश्न विचारणारे कोणी होते काय? नव्हते. जुन्या अधिसभेची मुदत २०१५ सालीच संपली होती, व नवीन निवडणूक २०१८च्या मार्चमध्ये झाली. जेव्हा पहारेकऱ्याची खरी गरज होती तेव्हा चौकी रिकामी होती, आणि तिजकडे लक्ष वेधणारे पदवीधरही विरळाच. पुढेही तोच प्रकार. त्या अधिसभेची मुदत संपून दोन वर्षे झाली तरी निवडणूक लांबतच राहिली. अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्या वेळी पदवीधरांच्या यादीत नावे होती अवघी तेरा हजारांच्या वर. हे विद्यापीठ एका वर्षातच लाखाहून अधिक पदव्या देते. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या पदवीधरांतून एवढ्यांनीच नाव नोंदवावे, हे मला त्या पडद्यावरच्या तपासणीहून कमी लाजिरवाणे वाटत नाही.

ह्याखेरीज आणखी दोन गोष्टी पदवीधराच्या हाती असतात. कित्येक जण पुढे शिक्षक व परीक्षक होतात. उत्तरपत्रिका घाईने उरकण्याचा हुकूम आला असता, ‘एवढ्या वेळात न्याय होणार नाही’ असे लेखी कळविणे हे त्यांचे काम. इतर काही नोकऱ्या देण्याच्या जागी बसतात. समोर आलेल्या उमेदवाराच्या गुणपत्रिकेवर २०१७ साल पाहून जो नाक मुरडतो, तो चूक करणाऱ्यांस सोडून ती सोसणाऱ्यास दुसऱ्यांदा दंड करतो. आणि तो स्वतः त्याच विद्यापीठाचा पदवीधर असेल तर काय म्हणावे?

पालकांपैकी जे पदवीधर आहेत त्यांस एक विनंती. पदवी मिळाली म्हणजे नाव मतदारयादीत आपोआप चढत नाही. नोंदणी जाहीर होताच, मुदतीच्या आत, अर्ज करावा लागतो. अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते. २०२४पासून मोजता पुढील निवडणूक २०२९च्या सुमारास यावयास हवी, आणि ती वेळेवर होते की नाही ह्यावर लक्ष ठेवणे हेही आपलेच काम आहे. तोपर्यंत आपले पदवीपत्र पेटीच्या तळाशी असेल तर ते वर काढून ठेवावे.