वर्दी कोणीं द्यावी?

एकत्र कुटुंबांत जिन्नस संपल्याचें एकास ठाऊक असतें आणि आणणाऱ्यास नसतें, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एटापल्लीस आमच्या घरीं कुटुंबाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. डबींतून गोळी काढून देणारी सूनबाई, आणि बाजाराची यादी लिहिणारे आम्ही. रस्ता पाण्याखालीं, दोन दिवस काळजींत गेले, आणि त्या भरांत आम्ही सूनबाईस नको तें बोललों.

पुढें आमच्या नातवानें घरासाठीं संगणकाचा एक लहान प्रोग्राम लिहिला. त्यांत ‘डबी’ आणि ‘यादी’ असे दोन ऑब्जेक्ट, म्हणजे आपली माहिती व आपल्या क्रिया बाळगणारे घटक आहेत. डबीची क्रिया ‘गोळी काढ’. ती घडल्याचें यादीस कळावें कसें? यादीनें घटकेघटकेस विचारीत राहावें, तर श्रम व्यर्थ. डबीच्या पोटांतच यादीचें नांव लिहावें, तर उद्यां हिशेबाच्या वहीसही वर्दी हवी झाल्यास डबी पुन्हा उकलावी लागेल.

तिसरा मार्ग कॉलबॅकचा. यादी आपली एक क्रिया डबीकडे ठेव म्हणून देते: ‘गोळी निघाली कीं ही चालव.’ डबी आपलें काम उरकून अशा सर्व ठेवी क्रमानें चालविते. ऐकणारा कोण, याची तिला चौकशी नसते. गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या १९९४ सालच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथांत या रचनेस ‘ऑब्झर्व्हर’ म्हटलें आहे.

पथ्यें तीन. वर्दी काम झाल्यावरच द्यावी. आधीं दिल्यास यादी जुना आंकडा वाचील. वर्दी ऐकणाऱ्यानें उलट तीच क्रिया चालवूं नये. नाहीं तर नैयायिकांची अनवस्था ओढवून प्रोग्राम कोसळतो. आणि ऐकण्याची गरज सरली कीं आपली ठेव काढून घ्यावी.

आतां गोळी काढली कीं सूनबाई मोबाइलवर एक खूण करते. परवां १० गोळ्या उरतांच यादींत नांव चढलें, व आम्हीं औषध आणलें. ती म्हणाली, “मामंजी, मी तर कांहींच सांगितलें नव्हतें!”

खरेंच आहे. ज्यास कळावयास हवें, त्यानेंच आधीं निरोप ठेवावयाचा असतो. गेल्या वर्षीं तो आम्हीं ठेविला नव्हता, हें तिला आम्हीं त्याच दिवशीं सांगून टाकलें.