सनाखालची खूण

‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असा मेसेज आला की नागपुरातही चिल्लरचे डबे उपडे होतात. हे नाणे २०१२ सालचे, पाच आणि दहा रुपयांत सरकारने भरपूर काढलेले. गेंड्याचे चार आणेही घरोघरी सापडतात. नाण्यावर देव आहे की जनावर, याला बाजार विचारत नाही. ते किती उरले, किती झिजले आणि किती जणांना हवे आहे, एवढ्यावर भाव ठरतो.

म्हणून आधी सनाखाली भिंग धरावे. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा; काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या काही रुपयांवर ‘एच’ दिसतो, ते बर्मिंगहॅमला पाडलेले. संग्राहकाला एकाच सालाच्या सगळ्या खुणा हव्या असतात. ज्या टांकसाळीने त्या साली कमी नाणी पाडली, तिचे नाणे मग दर्शनी किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

आजीच्या पेटीतल्या राणीछाप रुपयाचे गणित वेगळे. तो बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. इतवारीच्या सराफ्यात तो नुसता तोलला तरी चांदीचा भाव कुठे गेला नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. १९१८ चे रुपये कोट्यवधी पाडले गेले, त्यामुळे ते जुने असूनही सहज मिळतात. १९३९ चा मात्र दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याचे बनावट नमुनेही फिरतात.

त्याच १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारांवर नाणी निघाली. सोने नाही, चांदी नाही. पोटीन या हलक्या मिश्रधातूची, बाजारहाटाची चिल्लर. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावे पुढे आली. ती मोडीत गेली असती, तर हे राजेही गेले असते. शेतात असा ठेवा लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

घरातले नाणे चिंच-पितांबरीने घासू नका. चकाकी येते, पण भाव उतरतो. चलनातली नाणी वितळवणे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. ‘तुमचं नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा’ म्हणणारा रिझर्व्ह बँकेचे नाव सांगत असेल, तर फोन ठेवा. आपण असे व्यवहार करत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.